बिनडिस्कची टिपणं

सनचं जुनं वर्कस्टेशन डिस्कशिवाय चालू केलं की ते आधी तारेवर हाक मारतं. स्वतःबद्दल त्याला एकच गोष्ट ठाऊक असते, नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा क्रमांक. तो सगळ्यांना ऐकवून ते विचारतं: हा क्रमांक कोणाच्या यादीत आहे का? असला तर माझा आयपी पत्ता सांगा. या सवालजबाबाला रार्प म्हणतात. जून १९८४मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी तो नियम म्हणून लिहून काढला. पुढच्या टप्प्यात यंत्र सर्व्हरकडे आणखी एक विनंती करतं आणि तिचं अधिकृत नावच 'हू ॲम आय' आहे. 'कोऽहम्' आठवायला भरपूर वाव आहे, पण त्यामागे तत्त्वज्ञान नव्हतं, हिशेब होता. डिस्क महाग होती. सनचं ३/५० हे चार मेगाबाइट मेमरीचं मॉडेल पुष्कळ प्रयोगशाळांत डिस्कविनाच पोचलं. मोठी डिस्क एका सर्व्हरला, बाकीच्यांच्या वाट्याला फक्त तार.

*

घरी हे उपद्व्याप कशासाठी? मुख्य कारण, डिस्क मेल्या. पन्नास पिनांच्या स्कझी डिस्कमधल्या ज्या अजून फिरतात त्या कधी थांबतील सांगता येत नाही. फ्लॉपीचं तर आपल्या हवेत नाव काढू नये. दोन पावसाळे कपाटात काढले की चकतीवर बुरशी धरते, आणि तसली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं हेडही खराब होतं. सीडीवरून सुरू करावं म्हटलं तर सन, सिलिकॉन ग्राफिक्स, डेक या तिन्ही घराण्यांच्या जुन्या यंत्रांना ५१२ बाइटांचे ठोकळे वाचून देणारा सीडी ड्राइव्ह लागतो. साधा ड्राइव्ह २०४८चे देतो. जुन्या बाजारात ड्राइव्ह उचलताना तो कोणत्या जातीचा हे कव्हर बघून कळत नाही.

डिस्कचं सोंग घेणारी ब्लूस्कझीसारखी छोटी बोर्डं मिळतात, चांगली आहेत, आणि फक्त यंत्र चालवायचं असेल तर सरळ तीच घ्यावीत. पण नेटवर्कच्या वाटेने गेलं की यंत्राला स्क्रू ड्रायव्हर लावावा लागत नाही. सर्व्हरवर एखादी फाइल बदलली की यंत्राच्या दृष्टीने त्याची डिस्कच बदललेली असते.

*

नेटबीएसडी चढवलेला एक रास्पबेरी पाय माझा सर्व्हर आहे. हीच प्रणाली घ्यायचं कारण म्हणजे रार्पला, 'हू ॲम आय' विचारणाऱ्या बूटपॅरामला, बूट प्रोग्रॅम पोचवणाऱ्या टीएफटीपीला आणि डिरेक्टऱ्या वाटणाऱ्या एनएफएसला उत्तर देणारे सगळे प्रोग्रॅम तिच्या मूळ संचात अजून आहेत. काही शोधून आणायचं नाही, फक्त जागे करायचे. कॉन्फिगरेशनच्या फाइलीही चार-दोन ओळींच्या. एकीत कार्डाचा क्रमांक आणि यंत्राचं नाव, दुसरीत नाव आणि आयपी पत्ता, तिसरीत त्या नावाच्या यंत्राची मूळ डिरेक्टरी कुठे आहे ते.

गंमत फाइलींच्या नावांत. सनच्या रॉमला बूट प्रोग्रॅमचं नाव कोणी सांगत नाही. मिळालेला आयपी पत्ता सोळाच्या पायात लिहायचा आणि तीच फाइल मागायची, एवढंच तिला माहीत. १९२.१६८.१.२० हा पत्ता असेल तर ती सी०ए८०११४ या नावाची फाइल मागते. बहुतेक सन-४सी यंत्रं त्याला टिंब देऊन मागे घराण्याचं नाव जोडतात. अक्षरं मोठ्या लिपीत हवीत. टीएफटीपीच्या डिरेक्टरीत असल्या नावांची रांग लागलेली असते आणि सगळ्या बहुतेक एकाच खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. नवख्याला ही डिरेक्टरी दाखवली तर त्याला वाटेल की काहीतरी करप्ट झालंय.

*

यंत्र आपली ओळख एकदा विचारून थांबत नाही. रॉम विचारते. मग रॉमने आणलेला बूट प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून विचारतो. त्याने आणलेला कर्नल तिसऱ्यांदा विचारतो. प्रत्येक जण सत्तेवर येताना आधीच्याने मिळवलेलं सगळं विसरून बसतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच यंत्राच्या एकसारख्या ओळी दिसतात आणि प्रथम वाटतं की ते अडकलंय. उलट, त्या ओळींवरूनच बूट कुठवर पोचलं ते कळतं. पहिलीनंतर शांतता असेल तर टीएफटीपीत घोळ, दुसरीनंतर असेल तर बूटपॅराम किंवा एनएफएसमध्ये. पडद्यावर काही दिसत नसतानाही लॉग वाचून निदान होतं.

*

सनच्या सन-४सीसारख्या यंत्रांचा खास रोग. कार्डाचा क्रमांक एका चिपमध्ये असतो, तिच्यातच बॅटरी सीलबंद. तिचं आयुष्य साधारण दहा वर्षं, आणि ही यंत्रं आता तिशी ओलांडलेली. बॅटरी गेली की क्रमांक पुसला जातो आणि जागी सगळे एफएफ येतात. मग रार्पची हाकही निरर्थक, कारण 'हा क्रमांक कोणाचा' विचारायला क्रमांकच नाही.

यावर हौशी लोक दोन उपाय करतात. चिपचं डोकं कानशीने घासून आतल्या तारा उघड्या करायच्या आणि बाहेरून नाण्याएवढा सेल डकवायचा. नाहीतर दर वेळी ओके प्रॉम्प्टवर हाताने क्रमांक टाइप करायचा. जुन्या सूचनांमध्ये उदाहरणादाखल ०८:००:२० या सनच्या उपसर्गापुढे सी०:एफएफ:ईई, म्हणजे 'कॉफी', असा क्रमांक दिलेला असायचा. जगभरातल्या कितीतरी मेलेल्या सन यंत्रांना लोकांनी तोच क्रमांक देऊन ठेवला आहे. एका घरात अशी दोन यंत्रं आली की सर्व्हर दोघांना एकच पत्ता देणार.

*

टीएफटीपीवर लोक हसतात, पण मला तो आवडतो. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, डिरेक्टरीची यादीदेखील मागता येत नाही. फाइलचं नाव सांगा, ती ५१२ बाइटांच्या तुकड्यांत येते. ट्रकमधून विटा उतरवताना खालचा गडी वीट झेलून 'हां' म्हणतो तेव्हाच वरचा पुढची टाकतो, तसं प्रत्येक तुकड्याची पोच मिळाल्याखेरीज पुढचा निघत नाही. ५१२पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली. फाइलचा आकार ५१२ने नेमका भागला जात असेल तर शेवटी शून्य बाइटांचा रिकामा तुकडा पाठवावा लागतो, नाहीतर समोरचा वाट बघत बसेल.

इतकं साधं ठेवायचं कारण म्हणजे हे सगळं रॉममध्ये, काही किलोबाइटांत, बसवायचं होतं. टीसीपी लिहायला तिथे जागा नव्हती. तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने मूळ नियमाने ३२ मेगाबाइटच्या पुढची फाइल जात नाही. १९८१मध्ये हे लिहिणाऱ्यांना ती मर्यादा वाटलीच नसेल. आजही पीसीच्या नेटवर्क बूटमध्ये टीएफटीपी सर्रास आहे, हे मात्र त्यांनाही वाटलं नसेल.

*

सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडीचा किस्सा हौशी मंडळींत प्रसिद्ध आहे. निळ्या डब्याचं, १९९३चं, देखणं यंत्र. बूटपी या रार्पनंतरच्या पद्धतीने पत्ता मिळतो, टीएफटीपीची विनंती जाते, सर्व्हर उत्तर देतो, आणि इंडी ढिम्म. सर्व्हरचा लॉग म्हणतो पाठवलं, यंत्र म्हणतं आलं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

दोष रॉममधल्या एका छोट्या गृहीतकाचा. पोर्ट क्रमांक ६५५३५पर्यंत असू शकतात. या रॉममधला टीएफटीपी तो आकडा चिन्हासह वाचतो, म्हणजे ३२७६७च्या वरचा पोर्ट त्याला ऋण संख्या वाटतो आणि पोच भलतीकडे जाते. त्या काळचे सर्व्हर खालचेच पोर्ट वापरत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आजचं लिनक्स वरचे वापरतं. इलाज एका ओळीचा: सर्व्हरला सांगायचं की २०४८ ते ३२७६७ एवढ्यातच राहा. शिवाय पॅकेटाचा आकार चाचपून बघण्याची नव्या सर्व्हरची सवयही बंद करावी लागते. डेबियनच्या जुन्या मार्गदर्शिकेत हे दोन्ही उपाय लिहिलेले आहेत. रॉम दुरुस्त करता येत नाही, म्हणून वाकायचं ते सर्व्हरने.

मला या सगळ्या धंद्यात हेच खरं काम वाटतं. जुनं यंत्र बहुधा ठीक असतं. त्याच्याशी बोलणारी दुसरी बाजू जगातून नाहीशी झालेली असते आणि ती आपल्याला पुन्हा उभी करावी लागते.

*

रार्पचा मोठा दोष म्हणजे ती आयपीच्या खालच्या थरावर चालते. सर्व्हर त्याच तारेवर पाहिजे, राउटरपलीकडचा चालत नाही. सप्टेंबर १९८५मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडला. एकाच उत्तरात स्वतःचा पत्ता, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव. आज घरोघरी राउटर ज्याने पत्ते वाटतो तो डीएचसीपी याच बूटपीच्या पॅकेटावर बेतलेला आहे, ठेवणही तीच. मोबाइल वायफायला जोडला जातो तेव्हा जे पॅकेट फिरतं त्यात बूट फाइलच्या नावासाठी १२८ बाइट अजून राखून ठेवलेले असतात. मोबाइलला त्यांचा काय उपयोग!

*

व्हॅक्सस्टेशनला यातलं काहीच कळत नाही. त्याला मॉप लागतो, डेकचा स्वतःचा. आयपी नाही, पोर्ट नाही, उघडी इथरनेट पॅकेटं. तीन बाणांच्या प्रॉम्प्टवर बी आणि कार्डाचं नाव टाइप करायचं, बस्स. त्या उघडेपणामुळे राउटरपुढे मॉपचं काही चालत नाही, पण एका तारेवर यंत्र त्याने इतकं झटपट उठतं की सनची तीन-तीनदा ओळख विचारायची तऱ्हा मग उगाच लांबण वाटते.

*

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात कॉम्प्युटरचा क्लास लावलेल्या अनेकांनी नेटवर्कवरून बूट होणारी यंत्रं वापरली आहेत. फक्त तेव्हा त्यांना 'नोड' म्हणत. हार्ड डिस्क नाही, बऱ्याचदा फ्लॉपी ड्राइव्हही नाही. कोपऱ्यात किंवा काचेच्या खोलीत सर्व्हर, त्यावर नॉव्हेलचं नेटवेअर ३.११ किंवा ३.१२. भिंतीकडेने काळी कोॲक्स केबल एका यंत्राच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर, प्रत्येक ठिकाणी टी कनेक्टर, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. क्लासवाल्याला हे स्वस्त पडायचं. शिवाय फ्लॉपी नाही म्हणजे व्हायरस नाही आणि गेमही नाहीत.

त्या केबलचा स्वभाव असा की एक टी ढिला झाला तरी सगळी रांग बसते. मग मागच्या बाकावरून हमखास ऐकू यायचं, 'सर, एफ ड्राइव्ह येत नाहीये.' सर रांगेच्या मागे वाकून केबल चाचपत जायचे. पडद्यावर 'अ फाइल सर्व्हर कुड नॉट बी फाउंड'. टर्मिनेटर काढून खिशात घालणारा एखादा पोरगा प्रत्येक बॅचमध्ये असायचाच.

नेटवर्क कार्डावर एक सॉकेट असे, त्यात बूट रॉम बसवायची. ती रॉम सर्व्हर शोधायची आणि लॉगिन डिरेक्टरीतली 'नेट डॉलर डॉस डॉट सिस' ही फाइल खाली आणायची. ती फाइल म्हणजे एका बूट फ्लॉपीची तंतोतंत प्रत, डॉसजेन नावाच्या प्रोग्रॅमने केलेली. डॉसला वाटायचं आपण ए ड्राइव्हवरून सुरू झालो. तो ए ड्राइव्ह सर्व्हरवरची एक फाइल होता.

इथे एक झकास अडचण होती. ऑटोएक्झेक त्या खोट्या ए ड्राइव्हवरून ओळीओळीने चालायची. डॉस बॅच फाइल एकदम वाचून ठेवत नाही, प्रत्येक ओळीला पुन्हा उघडतं. शेवटच्या ओळींत नेटवेअरचा शेल चढला की खोटा ए ड्राइव्ह नाहीसा व्हायचा, आणि पुढची ओळ वाचायला गेलेलं डॉस म्हणायचं 'बॅच फाइल मिसिंग'. उपाय असा की ऑटोएक्झेकची एक प्रत सर्व्हरच्या लॉगिन डिरेक्टरीतही ठेवायची. मग डॉस जाग्यावर नसलेल्या फाइलऐवजी तिच्या जुळीला उघडून पुढे जायचं. हे ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं तो माणूस मला भेटायला हवा होता.

आणि फ्रेमचा घोळ. नेटवेअरने ३.११ आणि ३.१२च्या दरम्यान इथरनेट फ्रेमचा ठरलेला प्रकार ८०२.३वरून ८०२.२वर नेला. जुने नोड एका भाषेत हाक मारत, नवा सर्व्हर दुसऱ्या भाषेत ऐके, आणि केबल मात्र विनाकारण चाचपली जाई.

*

लाइट जाऊन आली की त्या क्लासमध्ये जे व्हायचं त्याला आजचे डेटा सेंटरवाले बूट स्टॉर्म म्हणतात. यूपीएस फक्त सर्व्हरला. नोड सगळे एकाच क्षणी जागे, सगळ्यांची एकाच क्षणी हाक, दहा मेगाबिटांची एकच केबल. मॅडम सांगायच्या, 'एक-एक रांग चालू करा रे.' यापेक्षा चांगला तोडगा अजूनही निघालेला नाही.

*

बूट रॉमबद्दल थोडं तांत्रिक, कारण हे स्वतःला करता येतं. पीसीचा बायोस सुरू होताना मेमरीच्या ठरावीक पट्ट्यात दर दोन किलोबाइटांवर ५५ एए ही खूण शोधतो. खूण सापडली की तिसरा बाइट रॉमची लांबी सांगतो, ५१२च्या पटीत. सगळ्या बाइटांची बेरीज २५६ने निःशेष भागली जायला हवी. बरोबर आलं की बायोस कारभार त्या रॉमच्या हवाली करतो. यासाठी इथरबूट आणि त्याचा वारस आयपीएक्सई हे मोफत प्रोग्रॅम आहेत. इपीरॉम भाजून कार्डाच्या सॉकेटात घातली की ४८६ नेटवर्कवरून उठतो. जुनी इपीरॉम पुसायला अतिनील दिवा लागतो. दुपारच्या उन्हात ठेवूनही पुसली जाते, पण फार वेळ घेते.

हौशी लोकांनी या सॉकेटचा आणखी एक उपयोग काढला. त्यात नेटवर्कची रॉम घालायचीच नाही, एक्सटी-आयडीई बायोस घालायचा. मग जुनं ३८६ मोठ्या डिस्क ओळखू लागतं. कार्ड नेटवर्कचं आणि त्याला केबल जोडलेलीच नाही.

*

जागं झालेलं यंत्र बघून पुतण्या म्हणाला, 'काका, याच्यात इंटरनेट आहे का?'
'नेटवर्क आहे. इंटरनेट नाही.'
'मग करतो काय तो?'
सुरू होतो, म्हटलं. त्याचं समाधान झालं नाही. त्याचा मुद्दा बरोबर आहे. आजच्या वेबसाइटचं सांकेतिक बोलणं या यंत्रांना उलगडत नाही.

*

नवा स्विच घेताना खोक्यावर बघावं. गिगाबिटचे साधे स्विच १०, १००, १००० असे तिन्ही वेग बोलतात. अडीच किंवा दहा गिगाबिटांच्या कित्येक पोर्टांना १० मेगाबिट येतच नाही. दहा मेगाबिटच बोलणाऱ्या जुन्या यंत्राची हाक तिथे पोचतच नाही आणि दिवाही लागत नाही. शोभेचा, महागडा स्विच या कामाला निरुपयोगी; सर्वांत स्वस्त तोच कामाचा.

ऑफिसातून निवृत्त झालेला मॅनेज्ड स्विच घेतला तर आणखी एक. पोर्टावर काही जोडलं की तो तारेत वर्तुळ तर नाही ना ते बघत तीस सेकंद गप्प बसतो. तेवढ्यात पीसीचा बूट प्रोग्रॅम कंटाळून नाद सोडतो. सन मात्र सोडत नाही. 'टाइमआउट वेटिंग फॉर आर्प रार्प पॅकेट' असं छापत राहतं आणि पुन्हा विचारतं, अमर्याद.

*

झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९७३मध्ये झालेला आल्टो उलट्या रीतीने बूट व्हायचा. कीबोर्डवरची एक कळ धरून बूट बटण दाबलं की तो हाक मारत नसे, नुसता कान देऊन बसे. तारेवरचा बूट सर्व्हर थोड्या-थोड्या वेळाने एक पॅकेट आपण होऊन सोडत राहायचा. नाव 'ब्रेथ ऑफ लाइफ'. त्यात एक इवलासा प्रोग्रॅम. आल्टो तो उचलून चालवायचा आणि तो प्रोग्रॅम पुढचं सगळं मागवायचा. विचारणारं यंत्र की पुरवठा करणारी तार, हा वाद म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांची नेटवर्किंगची निम्मी भांडणं.

केन शिरिफ आणि त्यांच्या मित्रांनी काही वर्षांपूर्वी एक खरा आल्टो दुरुस्त केला. त्याचं इथरनेट तीन मेगाबिटांचं, आजच्या कशाशीच न जुळणारं. शिरिफनी बीगलबोन नावाच्या छोट्या बोर्डावर त्याच्यासाठी नवी दुसरी बाजू बनवली. पुन्हा तेच.

*

तारेवरून उठण्याच्या या गोष्टीचा पुण्याशी खराखुरा धागा आहे तो परम या महासंगणकाचा. सी-डॅकचं परम ८००० हे १९९१चं, चौसष्ट नोडांचं यंत्र ट्रान्सप्युटर चिपांवर उभं होतं. ट्रान्सप्युटरला रॉम लागत नाही. एक पिन खाली ओढली की तो आपल्या चार दुव्यांवर पहिला बाइट येण्याची वाट बघतो. शून्य आला तर मेमरीत लिही, एक आला तर वाचून दाखव, दोन किंवा जास्त आला तर तेवढे बाइट घे आणि चालव. ज्या दुव्यावरून जीव आला तोच त्याचा वरचा. उरलेल्या दुव्यांवरून तो पुढच्यांना जागं करू शकतो. चिपांची आख्खी जाळी अशी एका टोकापासून पसरत उठवणाऱ्या प्रोग्रॅमांना 'वर्म' म्हणत. सनच्या सगळ्या प्रपंचापुढे मला हे जास्त सुंदर वाटतं: पत्ता नाही, फाइलचं नाव नाही, फक्त शेजारी.

*

पूर्वी सनच्या बिनडिस्क यंत्रांच्या वाट्याला तार वाटून यायची. दहा मेगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर सव्वा मेगाबाइट, त्यात आख्खी प्रयोगशाळा, आणि मेमरी अपुरी पडली की स्वॅपसुद्धा त्याच तारेवरून. दुपारी चारला सगळे कंपाइल करायला बसले की काय होत असेल! आज घरी एकटं यंत्र, सगळी तार त्याची, आणि सर्व्हर सगळं मेमरीतून देतो. १९८६मध्ये कोणत्याही विद्यार्थ्याला हे यंत्र इतकं चपळ मिळालं नव्हतं. त्यामुळे 'डिस्कलेस फार मंद' ही तेव्हाची तक्रार खरी, पण ती यंत्राबद्दल नव्हती.

*

रार्प, बूटपी, टीएफटीपी, कशातच ओळखपाळख नाही. जो आधी उत्तर देईल त्याच्यावर यंत्र विश्वास ठेवतं आणि त्याने दिलेला प्रोग्रॅम चालवतं. म्हणून ही तार घरच्या मुख्य नेटवर्कला जोडू नये. घरच्या राउटरचा डीएचसीपी आणि आपला सर्व्हर यांच्यात आधी कोण बोलतो अशी शर्यत लागते, हे एक. दुसरं, टेलनेट आणि आरएसएच उघडे ठेवलेलं १९९२चं यंत्र आजच्या जगात कोणाच्याही नजरेस पडू नये. माझ्या पायला दोन नेटवर्क पोर्ट आहेत, दुसरा यूएसबीवरचा. एक घराकडे, एक म्हाताऱ्यांकडे, आणि मध्ये वाट नाही.

*

ॲपल टू जीएस हे यंत्र ॲपलटॉकवरून सर्व्हरवरून उठू शकत असे. त्याला उत्तर देणारा मोफत प्रोग्रॅम म्हणजे नेटाटॉक. २०१२मध्ये तिसऱ्या आवृत्तीत नेटाटॉकने ॲपलटॉक काढून टाकलं, वापरतं कोण म्हणून. जीएस असणारे लोक जुनी २.२ आवृत्ती सांभाळत राहिले. २०२४मध्ये चौथ्या आवृत्तीत ॲपलटॉक परत आलं, जीएसला बूट करणाऱ्या ए-टू-बूटसकट. एनएफएसचीही जुनी आवृत्ती अशीच गळाली. सनओएस ४ला दुसरी आवृत्तीच कळते, आणि आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत तिचा सर्व्हर उरलेला नाही.

संग्रहालयं यंत्र जपतात, कधीकधी त्याचं खोकं आणि पुस्तकंही. सर्व्हर मात्र कोणी मागून घेत नाही, कारण तो कुठल्याशा कपाटात असायचा आणि दिसायला कसाही. सन ३/५० काचेमागे ठेवून त्याच्याशी बोलणारी बाजू ठेवली नाही, तर जे ठेवलं ते एका जोडीतलं अर्धं. माझ्या मते अशा यंत्राच्या पाटीवर तरी लिहायला हवं की हे एकटं काहीच करू शकत नसे.

*

एनएफएसच्या जुन्या आवृत्तीत सर्व्हर कोणाचं काही लक्षात ठेवत नाही. प्रत्येक मागणी पुरी असते: ही फाइल, इथपासून, इतके बाइट. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडला तरी यंत्र कोसळत नाही. 'एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग' असं छापून तीच मागणी पुन्हा-पुन्हा करत राहतं. सर्व्हर परत आला की 'ओके' छापतं आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढे. म्हणून पायचा अपडेट करायचा असेल तेव्हा मी सनवर चाललेलं कंपाइल थांबवत नाही, पाय सरळ रीबूट करतो.

पायचं एसडी कार्ड बदलायचं असेल तेव्हा मात्र सगळी यंत्रं आधी रीतसर बंद करतो. नव्या कार्डावर अक्षर न् अक्षर त्याच फाइली असल्या तरी त्यांचे हँडल वेगळे पडतात, आणि 'स्टेल एनएफएस फाइल हँडल' आलं की रीसेटखेरीज इलाज नाही.